विज्ञानकथेतील कल्पनेवर पहिला हक्क कोणाचा?

मागील अंकातील विज्ञानकथेवरील लेखानंतर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी एकाच मुद्द्याभोवती फिरतात: एखादी कल्पना मुळात कोणाची, आणि तीच दुसऱ्या कोणी वापरली तर तिला उचलेगिरी म्हणावे काय? त्यांतील निवडक प्रश्न थोडक्यात देऊन येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न: स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ हा चित्रपट सत्यजित राय यांच्या पटकथेवरून उचलला, असे आम्ही कॉलेजात असल्यापासून ऐकत आलो आहोत. यात तथ्य किती? (एक वाचक, पुणे)

उत्तर: ज्याबद्दल शंका नाही ते आधी सांगतो. राय यांची ‘बंकुबाबूर बंधू’ ही कथा १९६२ मध्ये ‘संदेश’ या बंगाली मासिकात प्रसिद्ध झाली. गावातील शाळेत शिकवणारे, चारचौघांच्या थट्टेचा कायमचा विषय झालेले बंकुबाबू रात्री बांबूच्या बनातून घरी निघालेले असताना त्यांना क्रेनियस ग्रहावरून आलेला अँग भेटतो आणि ते घरी परततात ते वेगळे माणूस होऊन. या कथेचे बीज घेऊन राय यांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ ही पटकथा लिहिली. तिच्यात बंगालमधील एका खेड्याच्या तळ्यात यान उतरते, पाण्याबाहेर आलेला त्याचा भाग पाहून जमिनीतून देऊळच वर आले असे गावकऱ्यांना वाटते, आणि यानातला लहानखुरा जीव हाबा नावाच्या गरीब मुलाच्या स्वप्नात शिरून त्याच्याशी खेळतो. विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांच्या ओळखीने त्यांचे सहकारी माइक विल्सन या प्रकरणात आले, कोलंबिया पिक्चर्स या अमेरिकी चित्रपटसंस्थेने रस दाखवला, मारवाडी उद्योजकाच्या भूमिकेसाठी इंग्रज अभिनेते पीटर सेलर्स यांचे नाव ठरत आले. राय अमेरिकेत पोहोचले तेव्हा मात्र पटकथेच्या चक्रमुद्रित प्रती तेथे आधीच हातोहात फिरत होत्या आणि हक्कधारक म्हणून त्यांच्या नावाबरोबर विल्सन यांचेही नाव त्यांवर छापलेले होते. पुढे सेलर्स बाजूला झाले, बोलणी लांबत गेली आणि चित्रपट निघालाच नाही.

१९८२ मध्ये ‘ई.टी.’ आला. दोहोंतील साम्य क्लार्क यांनीच राय यांच्या कानावर घातले. आपल्या पटकथेच्या प्रती अमेरिकेत सर्वत्र उपलब्ध नसत्या तर हा चित्रपट होऊच शकला नसता, असे राय यांनी बोलून दाखवले. न्यायालयात मात्र ते गेले नाहीत. स्पीलबर्ग यांनी आरोप नाकारला, आणि ती पटकथा हॉलिवूडमध्ये फिरत होती तेव्हा आपण शाळेत होतो, असे त्यांचे म्हणणे नोंदले गेले आहे. त्यांचा जन्म १९४६ च्या डिसेंबरातला, म्हणजे १९६७ मध्ये त्यांचे शालेय शिक्षण संपलेले होते. हे उत्तर काळाशी जुळत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण उत्तर चुकले म्हणून आरोप सिद्ध होत नाही. ‘ई.टी.’ची पटकथा मेलिसा मॅथिसन यांनी लिहिली, आणि तिच्यामागे स्पीलबर्ग यांच्याच ‘नाइट स्काइज’ या अर्धवट राहिलेल्या प्रकल्पाचा इतिहास आहे. मॅथिसन किंवा स्पीलबर्ग यांच्या हाती राय यांची प्रत अमुक वेळी आली, असे दाखवणारा दुवा आजवर पुढे आलेला नाही.

आता साम्य कोठे आहे ते पाहू. परग्रहावरील जीव शत्रू नसून खेळकर आणि प्रेमळ आहे, तो आकाराने लहान आहे, त्याची मैत्री मोठ्यांशी न जमता मुलाशी जमते, त्याच्या स्पर्शाने वा नजरेने झाडे फुलतात. हे थोडेथोडके साम्य नाही, आणि परग्रहवासीयांना आक्रमक म्हणून रंगवण्याची सवय लागलेल्या त्या काळात राय यांनी हे लिहिले, याचे मोल फार मोठे आहे. तरीही घटस्फोटाने पोळलेले अमेरिकी उपनगरातील कुटुंब आणि घरच्या ओढीने झुरणारा पाहुणा हा ‘ई.टी.’चा गाभा राय यांच्याकडे नाही. आणि तळ्यातले देऊळ, विहिरी खोदणारा अमेरिकी अभियंता, श्रद्धेचा व्यापार करू पाहणारा उद्योजक हा राय यांचा गाभा ‘ई.टी.’त नाही. माझे मत असे की राय यांच्यावर अन्याय निश्चित झाला, पण तो १९६७ साली त्या प्रतींवर दुसऱ्याचे नाव छापले गेले तेव्हा झाला. १९८२ चा चित्रपट ही त्या अन्यायाची सर्वांत क्लेशकारक परिणती होती, कारण त्यानंतर राय यांनी आपला चित्रपट काढला असता तर नक्कल केल्याचा ठपका उलट त्यांच्यावरच आला असता.

प्रश्न: कालप्रवासाची कल्पना एच. जी. वेल्स यांची मानतात. पण भागवतात राजा ककुद्मी आणि रेवती यांची कथा आहेच. मग पहिला मान आपला नव्हे काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: भागवताच्या नवव्या स्कंधातील ही कथा विलक्षणच आहे. रेवतीसाठी वर विचारायला ककुद्मी तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो, तेथे गायन चालू असल्याने क्षणभर थांबतो, आणि प्रश्न विचारतो तेव्हा ब्रह्मदेव हसून सांगतात की तुझ्या मनात जे राजे होते ते, त्यांची मुले, नातवंडे, पणतू, कोणीच आता उरलेले नाही. दरम्यान सत्तावीस चतुर्युगे उलटली आहेत. दोन ठिकाणी काळ वेगळ्या गतीने चालतो, हा विचार इतक्या स्वच्छपणे मांडणारी जुनी कथा क्वचितच सापडेल. तिचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, आणि तो बाळगावा.

वेल्स यांच्याशी तुलना करताना मात्र आपण नेमके काय मोजतो ते ठरवावे लागते. ककुद्मी स्वतःच्या इच्छेने काळ ओलांडत नाही, आणि त्याला मागे फिरता येत नाही. मनुष्याने बनवलेल्या साधनाने हव्या त्या काळात जाणे, ही कल्पना वेगळी आहे. आणि तीही वेल्स यांच्या आधीची आहे. एडवर्ड पेज मिचेल यांची उलट्या चालणाऱ्या घड्याळाची कथा १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वृत्तपत्रात आली. एन्रिके गास्पार या स्पॅनिश लेखकाची ‘एल आनाक्रोनोपेते’ ही कादंबरी १८८७ मध्ये बार्सिलोनात प्रसिद्ध झाली आणि तिच्यात विजेवर चालणारे, प्रवाशांना भूतकाळात नेणारे चक्क एक यंत्र आहे. वेल्स यांची ‘द क्रॉनिक आर्गोनॉट्स’ ही सुरुवातीची कथा १८८८ ची आणि ‘द टाइम मशीन’ १८९५ ची. तारखेनुसार गास्पार एक वर्षाने पुढे आहेत, यात वाद नाही.

पण गास्पार यांचे पुस्तक इंग्रजीत यायला शंभराहून अधिक वर्षे लागली. मिचेल यांच्या कथा तर निनावी छापल्या गेल्या आणि वृत्तपत्राच्या जुन्या फायलींत पडून राहिल्या. सॅम मॉस्कोविट्झ यांनी त्या शोधून १९७३ मध्ये संग्रहरूपाने काढल्या, तेव्हा अदृश्य माणसाची कथाही मिचेल यांनी १८८१ मध्येच, म्हणजे वेल्स यांच्या सोळा वर्षे आधी लिहिली होती, हे लोकांना कळले. म्हणून ‘पहिला कोण’ या प्रश्नाला मिचेल किंवा गास्पार हे उत्तर बरोबर आहे, आणि ‘पुढच्या लेखकांनी कोणाकडून घेतले’ याला वेल्स हे. एकाचा मान दुसऱ्याला देण्याची गरज नाही. वेल्स यांनी मिचेल यांच्याकडून उचलले, असे मात्र केवळ तारखांच्या बळावर कोणी म्हणू नये.

प्रश्न: जयंत नारळीकर यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही माझी अत्यंत आवडती कथा. एका मित्राने सांगितले की तिची कल्पना वेल्स यांच्या कथेत आधीच आली आहे. वाचून मन खट्टू झाले. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: खट्टू होण्याचे काही कारण नाही. आपले मित्र सांगतात ती वेल्स यांची ‘द प्लॅटनर स्टोरी’ ही १८९६ ची कथा. एक शाळामास्तर हिरव्या भुकटीच्या स्फोटात नाहीसा होतो, नऊ दिवसांनी परततो, आणि तपासल्यावर त्याचे हृदय उजवीकडे आढळते, म्हणजे तो संपूर्ण डावा-उजवा पालटलेला असतो. पण ही कल्पना वेल्स यांचीही नाही. कागदावर कापलेले डाव्या हाताचे चित्र कागदावरच कितीही सरकवले तरी उजव्या हाताचे होत नाही. कागदाबाहेर उचलून उलटे ठेवले की होते. तसेच घन वस्तूला उलटायला चौथी मिती मिळाली तर तिचे प्रतिबिंब प्रत्यक्षात उतरेल, हे ऑगस्ट मबियस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्येच लिहून ठेवले होते. नारळीकर गणिताचे अभ्यासक. त्यांना ही गोष्ट कळायला वेल्स यांच्या कथेची वाट पाहावी लागली असेल, असे मानणेच चमत्कारिक आहे.

याच डाव्या-उजव्या पालटातून त्यांनी काय घडवले ते पाहावे. मूर्तीची सोंड डावी की उजवी, याला ज्या समाजात अर्थ आहे, तेथेच या पालटाला असा अर्थ येतो; आणि गोलंदाजाचा हात बदलला तर फलंदाजांची काय गाळण उडेल, हे क्रिकेटवेड्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. प्लॅटनरच्या हृदयाने इंग्रज वाचक चकित झाला असेल. सोंडेने मराठी वाचक चकित होतो, आणि घरातल्या देव्हाऱ्याकडे वळूनही पाहतो. कल्पना गणिताची, कथा नारळीकरांची. आपल्या मित्राला एवढे जरूर सांगावे.

प्रश्न: अंतराळात जाणाऱ्या लिफ्टवरच्या दोन कादंबऱ्या एकाच वर्षी आल्या, असे वाचले. हा योगायोग कसा असू शकेल? (एक वाचक, बंगळुरू)

उत्तर: हे उदाहरण मला या साऱ्या वादात सर्वांत शिकण्यासारखे वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१९७९ मध्ये आर्थर सी. क्लार्क यांची ‘द फाउंटन्स ऑफ पॅराडाइज’ आली आणि त्याच वर्षी चार्ल्स शेफील्ड यांची ‘द वेब बिटवीन द वर्ल्ड्स’. दोन्हींत विषुववृत्तावरून थेट अंतराळात जाणारा मनोरा किंवा तार उभारली जाते. दोन्हींचा नायक आपल्या काळातला अग्रगण्य पूलबांधणी अभियंता आहे. इतकेच नव्हे, तर दोन्हींत ‘स्पायडर’ नावाचे यंत्र आहे. एखाद्या वकिलापुढे हे तीन मुद्दे ठेवले तर तो दाव्याची तयारी करू लागेल.

प्रत्यक्षात दोघांनी स्वतंत्रपणे लिहिले होते. कसे, ते विज्ञानातच दिसते. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याच्याच गतीने फिरतो, म्हणून खालून तो जागचा हलत नाही असे दिसते. तेथून एक तार खाली जमिनीपर्यंत सोडली आणि तोल राखण्यासाठी दुसरी बाजू वर तितक्याच ताणाने सोडली, तर ती तार आकाशातून लोंबकळत राहील आणि तिच्यावरून वाहने वर चढवता येतील. लेनिनग्राडचे अभियंता यूरी आर्त्सुतानोव यांनी हे १९६० मध्ये ‘कोम्सोमोल्स्काया प्राव्दा’ या रशियन वृत्तपत्रात मांडले. पाश्चात्त्य वाचकांपर्यंत ते पोहोचले नाही. १९६६ मध्ये काही अमेरिकी शास्त्रज्ञांनी आणि १९७५ मध्ये जेरोम पिअर्सन यांनी तीच कल्पना पुन्हा स्वतंत्रपणे शोधली. पिअर्सन यांच्या लेखानंतर ती अवकाशविज्ञानाच्या वर्तुळात बोलली जाऊ लागली, आणि शेफील्ड व क्लार्क दोघेही त्या वर्तुळाच्या आतले होते.

आता कथा लिहायला बसलेल्या माणसाच्या पुढे काय येते? जागा विषुववृत्तावर हवी. क्लार्क यांनी तर आपल्या लाडक्या श्रीलंकेला कादंबरीपुरते सुमारे ८०० किलोमीटर दक्षिणेला सरकवले आणि तसे सांगूनही टाकले. हा मनोरा म्हणजे तत्त्वतः एक पूलच, म्हणून नायक पूल बांधणारा. पोलादाची तार स्वतःच्याच वजनाने तुटेल, म्हणून अतिशय चिवट, बारीक धागा हवा. आणि धाग्याशी संबंध असलेल्या यंत्राला ‘कोळी’ हे नाव सुचणे अगदी स्वाभाविक. दोघे निघाले एकाच ठिकाणाहून, आणि विज्ञानाने दोघांना एकाच वाटेने नेले.

क्लार्क यांनी या प्रसंगी जे केले त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या वेळी ते जगप्रसिद्ध होते, शेफील्ड नवखे. क्लार्क गप्प बसले असते तरी संशय शेफील्ड यांच्यावरच आला असता. क्लार्क यांनी अमेरिकेतील विज्ञानकथालेखकांच्या संघटनेच्या पत्रिकेला जाहीर पत्र लिहून हा निव्वळ योगायोग असल्याचे सांगितले, साम्याचे मुद्दे स्वतःहून मोजून दाखवले आणि मूळ श्रेय आर्त्सुतानोव यांना दिले. नवख्या लेखकावरचा संशय त्या एका पत्राने दूर झाला.

प्रश्न: श्रेय नाकारण्याऐवजी दुसऱ्याला देण्याचा वाद कधी झाला आहे काय? (एक वाचक, पणजी)

उत्तर: झाला आहे. यंत्रमानवांनी माणसाशी कसे वागावे हे सांगणारे तीन नियम विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह यांच्या नावावर आहेत. असिमॉव्ह सांगत राहिले की २३ डिसेंबर १९४० रोजी झालेल्या भेटीत संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ते आपल्याला सांगितले. कॅम्पबेल म्हणत राहिले की ते असिमॉव्ह यांच्याच कथांत दडलेले होते, मी फक्त बाहेर काढले. 

प्रश्न: मी एका दिवाळी अंकाच्या स्पर्धेला विज्ञानकथा पाठवली होती. ती परत आली नाही. वर्षभराने दुसऱ्याच लेखकाची, जवळपास त्याच कल्पनेवरची कथा अन्यत्र छापून आली. मला दाद मागता येईल काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आपल्याला झालेला त्रास मी समजू शकतो, म्हणूनच गोड बोलून दिशाभूल करणार नाही. आपल्या कायद्यात कल्पनेला संरक्षण नाही. ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला आहे. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाचे लेखक आर. जी. आनंद यांनी ‘न्यू दिल्ली’ या १९५६ च्या चित्रपटाविरुद्ध दावा केला होता. त्यात निर्मात्याने लेखकाकडून नाटक प्रत्यक्ष ऐकलेले होते. दोन्हींचा विषयही एकच, प्रांतीय भेदभाव. तरीही १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल आनंद यांच्या विरोधात दिला, कारण विषय समान असला तरी कथानकाची मांडणी, प्रसंग आणि भर वेगळे होते, आणि दोन्ही पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला एक दुसऱ्याची नक्कल वाटली नसती.

अमेरिकेतील विज्ञानकथालेखक हार्लन एलिसन यांचे दोन अनुभव शेजारी ठेवून पाहावेत. एलिसन आणि बेन बोव्हा यांनी १९७० मध्ये ‘ब्रिलो’ ही कथा लिहिली, तिच्यात जुन्या पोलिसाच्या जोडीला यंत्रमानव पोलीस दिला जातो. ही कल्पना त्यांनी दूरचित्रवाणी मालिकेसाठी संबंधितांकडे नेली होती. पुढे त्याच संबंधितांकडून ‘फ्यूचर कॉप’ ही मालिका आली. लॉस एंजेलिसमधील ज्यूरीने १९८० मध्ये दोघा लेखकांना ३,३७,००० डॉलर देवविले. पुढे ‘द टर्मिनेटर’ या १९८४ च्या चित्रपटाबाबत, आपण १९६४ मध्ये दूरचित्रवाणीसाठी लिहिलेल्या ‘सोल्जर’ या भागाशी त्याचे साम्य असल्याचे एलिसन यांनी म्हटले. त्यात भविष्यातले दोन सैनिक वर्तमानकाळात येऊन पडतात. चित्रपटाशी संबंधित कंपनीने न्यायालयाबाहेर तडजोड केली आणि श्रेयनामावलीत एलिसन यांचा उल्लेख घातला. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांना ती तडजोड कधीच पटली नाही. पहिल्या प्रकरणात हस्तलिखित कोणाकडून कोणाकडे गेले हे दाखवता आले आणि निकाल लागला. दुसऱ्यात पैसे मिळाले, पण उसने घेतले की नाही, यावर निकाल कोणी दिलाच नाही.

तेव्हा आपण आधी दोन गोष्टी तपासाव्यात. त्या लेखकाच्या हाती आपली कथा जाण्याचा मार्ग होता काय, म्हणजे तो परीक्षक होता काय, संपादकांच्या वर्तुळातला होता काय. आणि त्याने ती कथा त्याच्या संपादकाकडे कधी पाठवली. ती आपल्या आधी पाठवलेली निघाली तर विषय तेथेच संपतो. दुसरे म्हणजे दोन्ही कथा समोर ठेवून कल्पना बाजूला काढावी आणि उरलेले पाहावे. पात्रांचे परस्परसंबंध, प्रसंगांचा क्रम, एखादा अगदी बारीक आणि अनावश्यक तपशील, संवादातली एखादी ओळ, इतकेच काय आपल्याकडून झालेली शास्त्रीय चूकसुद्धा तेथे तशीच उतरली असेल, तर त्याला पुरावा म्हणून वजन आहे. ‘दोन्हींत समांतर विश्व आहे’ याला नाही. हे दोन्ही मुद्दे आपल्या बाजूने निघाले, तर वकिलाला भेटण्याआधी त्या मासिकाच्या संपादकाला तपशीलवार, संयमी पत्र लिहावे. बरेचसे वाद तेथेच मिटतात.

पुढच्यासाठी सांगायचे तर, आपल्याकडे कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, कथा लिहिली त्या क्षणापासून हक्क लेखकाचा असतो. नोंदणीचा उपयोग पुराव्यासाठी. चित्रपटासाठी लिहीत असाल तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंद करता येते. कथा मात्र ईमेलने पाठवावी, कच्चे खर्डे तारखांसह जपून ठेवावेत, आणि स्पर्धेला पाठवताना निकालानंतर हस्तलिखिताचे काय होते हे नियमांत वाचून घ्यावे. आपली कथा मागे घेऊ नका. तोच विषय अन्यत्र आला आहे, हे सोबतच्या पत्रात एका ओळीत सांगून ती दुसऱ्या अंकाकडे पाठवावी. संपादक कथा वाचूनच निर्णय घेतात.